कोमट जोड

सत्काराआधी पुसून आणतो म्हणून संघटनेच्या लोकांनी तिची रोजची व्हीलचेअर नेली होती. खुर्ची परत आली, तेव्हा तिच्या पाठीला ढकलायचे दोन दांडे होते.

"प्रमुख पाहुणे स्वतः तुम्हाला ढकलत मंचावर आणणार, ताई," संघटनेचे सचिव हसले. "फोटो झकास येईल."

"मी हातगाडी नाही, सचिवसाहेब."

"एका फोटोचा तर प्रश्न आहे!"

व्हीलचेअर शर्यतीत नऊ वर्षे जिच्यापुढे कुणाला जाता आले नव्हते, तिने बाकावरूनच हात लांबवून दांड्याचा जोड चाचपला. तो अजून कोमट होता. तिच्या प्रत्येक नव्या खुर्चीचे दांडे तिचा वेल्डर भाऊ पहिल्याच दिवशी कापून टाकी आणि म्हणे, "बघतोच, तुला ढकलायची कुणाची बिशाद आहे ते!"

बोटांखाली जोडाचे पदर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, एकसारखे बसले होते. असे काम एकच हात करी. तिच्या शर्यतीच्या खुर्चीचा प्रत्येक सांधा त्याच हाताचा होता.

संतापाने तिचा आवाज फाटला. दाराशी उभ्या असलेल्या भावाला तिने विचारले, "दादा, तूच जोडलेस ना हे?"



दादा वळला आणि चालू लागला. ज्या जागेसाठी संघटनेने त्याला नऊ वर्षे झुलवत ठेवले होते, त्या जागेचे नाव आज सकाळीच मिळालेल्या जाकिटाच्या पाठीवर ठळक अक्षरांत होते: संघाचा मेकॅनिक.