दिल्लीची जागा

"काजल, बाहेर ये. पोलीस उना शे," तिची आई प्रमिलाबाई दारातूनच म्हणाल्या. "तुलेच इचारी ऱ्हायना."

काजलच्या हातातलं पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. पोलीस कशासाठी आला, हे तिला लगेच कळलं. फक्त तो लोणखेड्यापर्यंत, आपल्या दारात येईल असं वाटलं नव्हतं.

तिचा भाऊ हेमकांत काल पपईची गाडी घेऊन अक्कलकुव्याला गेला होता. परत आल्यावर जेवता जेवता त्यानं सहज सांगितलं होतं, "तुन्ही मैत्रीणना घर पोलीस उनथा. दिल्लीना कामनी चौकशी शे म्हने. शौकतभाईनी त्याले चांगला चहा-नाश्ता करा."

काजलचा घास तोंडातच फिरत राहिला.

मैत्रीण म्हणजे रिम्शा. अक्कलकुव्यात गाद्या भरून देणाऱ्या शौकत पिंजाऱ्यांची मुलगी. दोघी अकरावीपासून बरोबर. आता पुण्यात एकाच खोलीत राहून आंतरराष्ट्रीय संबंध आणि राष्ट्रीय सुरक्षा या विषयात एमए करत होत्या. दिल्लीतला एक सरकारी विभाग दरवर्षी त्यांच्या वर्गातून एकाच विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी घ्यायचा. तिथं जाऊन आलेल्याला पुढं मागं वळून पाहावं लागत नसे. यंदा या दोघींसह अकरा जणांनी अर्ज केले होते. पोलीस चौकशी झाल्याशिवाय नाव कुणालाच कळवायचे नाहीत. म्हणजे ज्याच्या दारात पोलीस, त्याची निवड. काल तो रिम्शाच्या दारात होता; आज इथं तिचीच माहिती काढायला आला असणार.

बारावीपर्यंत पहिला नंबर काजलचा असायचा, दुसरा रिम्शाचा. पुण्यात हे उलटं कधी झालं ते काजललाही कळलं नाही. पाणीवाटपाच्या तंट्यावर वर्गात दोन देशांच्या वाटाघाटींचा सराव झाला, तेव्हा सरांनी रिम्शाला शिष्टमंडळाची प्रमुख केलं आणि काजलला टिपणं घ्यायला बसवलं. शेवटी सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. काजलनंही वाजवल्या. त्या रात्री रिम्शानं तिच्यासाठी गरम खिचडी केली, तर काजल डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपली.

आज सकाळी रिम्शाचा मेसेज होता : 'सुट्टी संपायच्या आत ये ना घरी. तोंड गोड करायचंय!'

काजलनं उत्तर दिलं नव्हतं.

ओट्यावर खुर्चीत पन्नाशीचे एक हवालदार बसले होते. साधा शर्ट, मांडीवर फाईल. "मी आमशा वळवी, गोपनीय शाखेतून. दिल्लीच्या कामाची चौकशी आहे. काजल हिलाल पाटील तुम्हीच ना?"

"हो."

"रिम्शा शौकत पिंजारी यांना किती वर्षं ओळखता?"

"सात वर्षं."

"राहता बरोबरच?"

"एकाच खोलीत."

"वागायला कशा आहेत?"

चांगली आहे, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. काजलनं पदराशी खेळणाऱ्या आईकडे पाहिलं, मग अंगणातल्या कडुलिंबाकडे. "तशी चांगली आहे," ती म्हणाली. "म्हणजे, माझ्याशी तरी."

वळवींचं पेन थांबलं. "स्पष्ट सांगा."

"तिचे मामा सौदीला असतात. फोन फार येतात. बाहेर जाऊन बोलते. काय बोलते, ते मला कसं माहीत असणार?"

मामा तिकडे वायरमन होते आणि रिम्शा बाहेर जायची ती खोलीत रेंज नव्हती म्हणून. ते काजलनं सांगितलं नाही. पोलिसांनीही विचारलं नाही.

"आणखी काही?"

जिभेवर आलेलं तिनं एकदा गिळलं. पण दिल्लीच्या स्टेशनावर बॅग घेऊन उतरणारी रिम्शा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"वाचनालयात काही अहवाल असतात. बाहेर न्यायची परवानगी नसते. ती त्यांचे फोटो काढते. कुणाला तरी पाठवतेसुद्धा. मी पाहिलंय."

हे साफ खोटं होतं. उच्चारताना मात्र ते खऱ्यासारखंच वाटलं.

"तुम्ही कुणाला कळवलंत?"

"नाही."

"सरांना? ग्रंथपालांना?"

"मैत्रीण आहे ना."

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तरी एकत्र राहता?"

"खोली बदलून मिळत नाही."

वळवींनी सगळं सावकाश लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. काजलनं खाली सही केली. आतून एक गार झुळूक गेल्यासारखं वाटलं. रिम्शा काही मरत नव्हती. फक्त एक जागा जाणार होती. दुसऱ्या नंबरला कोण असेल, याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

प्रमिलाबाईंनी चहा आणला. "पोर चांगली शे हो ती," त्या मध्येच म्हणाल्या. "आम्हना घर येस तवय स्वयंपाकमा हात लावस."

"आई, तू आत जा," काजल म्हणाली.

वळवींनी चहा संपवला. कपबशी बाजूला सारून त्यांनी फाईलचं पान उलटलं. मघापेक्षा त्यांचा आवाज कोरडा झाला होता.

"तुमचं आधारकार्ड आणि दहावीचं प्रमाणपत्र आणा."

"माझं? माझं कशाला?"

वळवींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग फाईलमधला अर्ज काढून तिच्यापुढे धरला. वर तिचाच फोटो होता. खाली 'मला सर्वांत जवळून ओळखणारी विश्वासू व्यक्ती' या रकान्यात, तिच्याच वळणदार अक्षरात, एकच नाव होतं : रिम्शा शौकत पिंजारी.