गाडीचं दावं

गाडीला दात नसतात, ही जुनुश बाबांची पहिली तक्रार होती.

"मग वय कळायचं कसं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"कागदावर लिहिलेलं असतं, बाबा."

"कागद माणूस लिहितो. दात अल्ला देतो."

काराकोल शहराच्या रविवारच्या बाजारात कुंपणाच्या पलीकडे घोडे विकले जातात आणि अलीकडे मोटारी. सकाळी पलीकडे बाबांनी आपली घोडी विकली होती. तेवढ्याच पैशांत अलीकडे गाडी घ्यायची होती. उद्या सकाळी सुनेला, बेरमेतला, शहरातल्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून हजर व्हायचं होतं आणि गावातून पहिली बस निघेपर्यंत तिची कामाची पाळी अर्धी सरलेली असणार होती. सुनेने नोकरीला जावं हे बाबांच्या मनात नव्हतंच. मुलाने मॉस्कोहून फोनवर गळच घातली, तेव्हा त्यांनी अट घातली: बाजार उठेपर्यंत सगळं घर मावेल अशी गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर घोडी परत घ्यायची आणि नोकरीचं नाव काढायचं नाही. घोडी घेणाऱ्या माणसालाही ही अट सांगून ठेवली होती. तो कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत निकालाची वाट पाहत होता. घोडीही पाहत होती.

एक चकचकीत रुपेरी गाडी बाबांनी लांबूनच नापास केली. "बाजारात आणण्याआधी जनावर कोण धुतं? ज्याला खरूज लपवायचीय तो." दुसरी बेरमेतने नापास केली, कारण तिच्या तळातून रस्ता दिसत होता. तिसरी सुरू होताच निळा धूर निघाला. बाबा म्हणाले, "हिला दमा आहे," आणि या एका बाबतीत सासऱ्या-सुनेचं एकमत झालं.

बाजार उठायला आला तेव्हा कोपऱ्यात एक हिरवी, चिखलाने माखलेली जपानी गाडी सापडली. तिच्यापुढे ओमुरझाक नावाचा म्हातारा उपड्या बादलीवर बसला होता. बेरमेतने पाठीवर झोपून गाडीचं पोट तपासलं. गंज बेताचाच होता. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. मागे सासूबाई, तिची दोन्ही पोरं आणि सणाला एखादं मेंढरू बसलं असतं. बाबा लाथ बसणार नाही अशा बेताने वळसा घालून मागे गेले आणि त्यांनी गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. गाडी शांत राहिली.

"स्वभाव बरा आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचा हात धरला आणि भाव ठरेपर्यंत हलवत राहिले. खांदे दुखायला लागले तेव्हा भाव घोडीच्या किमतीवर येऊन थांबला. ओमुरझाकने पैसे आत ठेवले आणि म्हणाला, "दावं तेवढं माझ्याकडे राहील."

"गाडीला कसलं दावं?" बेरमेत म्हणाली.

"जनावर विकलं तरी दावं मालकाने ठेवायचं असतं, पोरी. नाहीतर घरची बरकत जनावरामागे निघून जाते. विचार तुझ्या सासऱ्याला."

बाबांच्या कमरेला सकाळपासून घोडीचं दावं खोचलेलं होतं. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

ओमुरझाकने स्टेअरिंगला हात घातला.

"ते दिलं तर मी वळू कशी?"

"मग किल्ली दे."

"मग मी निघू कशी?"

बेरमेतने पायाखालचं रबराचं पायपुसणं देऊ केलं. दोघांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते खोगीर झालं," बाबा म्हणाले. सीटचा पट्टा? "तो तंग, पोटाखालून आवळायचा." आरसा? आरशाबद्दल दोघांत थोडा वाद झाला, पण घोड्याला आरसा नसतो यावर मिटला. ओमुरझाकने सुस्कारा टाकून पैसे पुन्हा बाहेर काढले.

कुंपणावरून हाक आली, "आजोबा, बिया संपल्या! घोडी नेताय की मी जाऊ?"

बाबा तिकडे वळलेच होते. बेरमेत ओमुरझाकसमोर उभी राहिली.

"काका, दावं ठेवून करता काय तुम्ही?"

"बरकतीला हाक मारायची. दावं ओळखून ती घरी येते."

"हाकच मारायची ना? मग हिचा आवाज ठेवा."

तिने इंजिनावरचं झाकण उघडलं, मालकाच्याच पान्याने बोल्ट सैल केला आणि हॉर्न काढून त्याच्या हातावर ठेवला. ओमुरझाकने तो कानाला लावला. बराच वेळ ऐकला. मग रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात, काळजाच्या बाजूला ठेवला.

"उताराला दुसऱ्या गिअरवर ठेव हिला," तो बेरमेतला म्हणाला. "भित्री आहे."

घाट सुरू होताच रस्ताभर मेंढ्या उतरून आल्या. बेरमेतने सवयीने स्टेअरिंगचा मधला भाग दाबला. काहीच झालं नाही. मेंढ्या रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

जुनुश बाबांनी काच खाली केली, टोपी मांडीवर ठेवली, कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि अशी आरोळी ठोकली की मेंढ्यांबरोबर मेंढपाळही बाजूला झाला.

गाडी पुढे निघाली. बाबा आत आले, काच मात्र वर केली नाही. पुढच्या आंधळ्या वळणावर कुणी न सांगता ते पुन्हा बाहेर वाकले आणि ओरडले. समोरून कुणीच येत नव्हतं.

बेरमेतने हसू दाबत रस्त्याकडे पाहिलं. बाबांनी मिशा नीट केल्या.

"उद्या किती वाजता निघायचंय?"

"सहाला, बाबा."

"मग पहाटेच्या चहात लोणी जास्त घाल. घसा टिकला पाहिजे."