बटणं उजवीकडे

शिंप्याने टेप बायकोच्या पाठीमागून फिरवून पुढे आणली, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, “किती आलं?”

“मला काय विचारता? माझा चष्मा टेबलावर आहे,” बायको म्हणाली. “आणि तिकडे काय बघताय? लेकीचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, तुमचं लाजणं काही संपत नाही.”

“लाजत नाहीये. माप घेताना मी गिऱ्हाइकाकडे बघत नाही.”

ते खरं होतं. चाळीस वर्षं त्याने पुरुषांचेच कपडे शिवले. त्याच्या मापांच्या वहीत एकही बाई नव्हती, बायकोसुद्धा नाही. तिचे कपडे पलीकडच्या गल्लीतली शिंपीण शिवायची आणि त्यात दोघांनाही कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पलंगावर लेकीने आणलेल्या तीन ब्रा पडल्या होत्या. हृदयाच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेने जोडलेलं, त्यामुळे हात मागे नेऊन हूक लावायचा नाही की हात वर करून काही डोक्यातून घालायचं नाही. बऱ्याच खटपटीने पुढून उघडणारी एक मिळाली, तर तिचे हूक नेमके जखमेवर येऊन बसले. काहीच घालू नये, तर अंगाने भरलेल्या बाईचा सगळा भार टाक्यांना खाली ओढायचा. चार पावलं टाकली की ती दोन्ही हातांनी छाती सावरत खुर्ची गाठायची. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. नर्स म्हणाली होती, आधार देणारं काहीतरी घाला. काय घाला, ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

“तुझं तू घालून, चालून दाखव,” लेक म्हणाली. “मगच मी घरी जाते. नाहीतर रजा वाढवते.”

“वाढवू नकोस,” आई म्हणाली. पाच आठवडे तिने लेकीच्या हातून कपडे चढवून घेतले होते. लेक अगदी मायेने करायची, त्यामुळे आणखीच कानकोंडं वाटायचं.

शिंप्याने ती पुढून उघडणारी ब्रा उचलली, उलटी केली, शिवण नखाने खरवडून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. “पुढून उघडायची, मान्य. पण मधोमधच कशाला?” एवढं बोलून तो मशीनवर जाऊन बसला.

दुपारपर्यंत मशीन चालू होती. त्याने अस्तराचं मऊ सुती कापड घेतलं, चार धुण्यांतून निघालेलं. एक पल्ला दुसऱ्यावरून आडवा जाऊन बटणं बाजूला लागतात, तसा कोट असतो ना, तसं ते बेतलं. मध्ये, जखमेवर येईल तिथे, अख्खं कापड. खांद्याला रुंद पट्टे, खाली बरगड्यांवर त्याहून रुंद पट्टा. बटणं चपटी, शर्टाच्या कॉलरची. आणि सगळ्या शिवणी त्याने बाहेरच्या अंगाला काढल्या. शिवणी आत दडवण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे करताना कसंनुसंच झालं असणार. पण केलं.

लेकीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग तिने हसू दाबलं.

“बाबा, पल्ला पुरुषांसारखा घेतलात. डावा वर आणि बटणं उजवीकडे. बायकांचं उलटं असतं.”

शिंप्याचा चेहरा उतरला. एवढी साधी गोष्ट. “हाताला वळणच तसं पडलंय,” तो पुटपुटला आणि उसवायला ब्लेड काढलं.

“थांबा जरा,” बायको म्हणाली. “आधी घालून बघू द्या.” तिने ती त्याच्या हातातून घेतली, आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी लावली.

“कडी कशाला लावलीस, आई?”

बऱ्याच वेळाने आतला पलंग करकरला.

“मी जाऊन बघू का?” लेक उठली.

“बस तू,” शिंपी म्हणाला. तो स्वतः मात्र ब्लेड हातात घेऊन दाराजवळ उभाच होता.

“अहो,” आतून आवाज आला, “ते ब्लेड ठेवा बघू खाली. माझी डावी बाजू अजून जळजळतेय, ऑपरेशनच्या नळ्या तिथेच घातल्या होत्या ना. बटणं तिकडे आली असती, तर हीसुद्धा पलंगावर पडली असती त्या तिघींबरोबर.”

कडी निघाली. ती गाऊन घालून बाहेर आली. दोन्ही हात मोकळे होते. ती खुर्चीपर्यंत आली, खुर्ची ओलांडून पुढे गेली आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागली. शिंप्याने ब्लेड खाली ठेवलं आणि तो बसला.

“निघालीस कुठे?” त्याने विचारलं.

“कोपऱ्यापर्यंत.”

लेक लगबगीने आपल्या चपला शोधू लागली. शिंपीही परत उठला.

“तू तुझी बॅग भर,” ती लेकीला म्हणाली. मग दार उघडून तिने नवऱ्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही दुसरी बेतायला घ्या. ही धुऊन वाळत घातली की काय घरात बसून राहू?”