दस्त्याचं माप

ग्रासियानानं तिसरी रायफल खांद्याला लावली, मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि खाली ठेवली. अकराव्या आकड्यालाच नळीचं टोक थरथरायला लागलं होतं.

"हीसुद्धा जड," ती म्हणाली.

दुकानाचा मालक लाइल काउंटरपलीकडे उभा होता. "सात पौंड म्हणजे काही जड नाही हो. बेन्यातची जुनी तर नऊच्या वर भरेल."

"ती उचलता आली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

लाइलनं खिडकीतून बाहेर पाहिलं. पिकअपमध्ये तिचा नवरा बसून होता, टोपी डोळ्यांवर ओढून. बेन्यातनं सगळी हयात याच डोंगरउतारांवर मेंढ्या राखण्यात घालवली होती. पण जानेवारीपासून त्याचा उजवा हात त्याचं ऐकत नव्हता. जीभही जड झाली होती.

"आत नाही येत का तो?"

"बायको बंदूक घेते ते बघायला मी आलो नाही, म्हणतो."

लाइल हसला नाही. "किती गेली?"

"सोळा कोकरं. अजून निम्म्या मेंढ्या व्यायच्यात. कायोटी कोल्ह्यांची जोडी आहे, नर आणि मादी. उजाडता उजाडता टेकडीवरून खाली येतात. मी ओरडते, डबा बडवते. आधी पळायची तरी. आता खुशाल बसून बघतात माझ्याकडे."

"सापळे?"

"लावले होते. माझाच कुत्रा अडकला."

लाइल आत गेला आणि एक काळी, किडकिडीत रायफल घेऊन आला. दस्ता प्लास्टिकचा, नळी बारीक, वर नेम धरायची दुर्बीण, नक्षी वगैरे काही नाही.

"पावणेसहा पौंड. दुकानात सगळ्यात स्वस्त हीच. दिसायला भिकार आहे, पण दोनशे यार्डांवर बघाल तिथे लागते. गोळी लहान, त्यामुळे धक्काही बेताचा."

तिनं ती उचलली. वीस मोजले. टोक हललं नाही. मग पट्टा खांद्यावर टाकून ती दुकानाच्या टोकापर्यंत चालत गेली, आली, गुडघ्यावर बसली, उठली. टेकडी चढून जायचं म्हणजे इतकं तरी जमायला हवं होतं. फक्त गाल दस्त्याला टेकवला की दुर्बिणीत भोवतीनं काळी कड दिसायची. नीट दिसावं म्हणून मान पुढे ताणावी लागत होती.

"सवय होईल," लाइल म्हणाला.

"मान मोडायची सवय?"

दार उघडलं. बेन्यात पाय ओढत आत आला. त्याला हात द्यायला कोणी पुढे झालं नाही. तसं केलेलं त्याला चालत नसे, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं डावा हात पुढे केला. ग्रासियानानं रायफल त्या हातात दिली.

त्यानं ती डाव्या खांद्याशी नेली. नळीखाली आधार द्यायला उजवा हात वर यायला हवा होता. तो कमरेपर्यंत आला आणि थांबला. बेन्यातनं दात आवळून पुन्हा उचलून पाहिला. पुन्हा तिथंच. लाइल पाठ फिरवून फळीवरचे काडतुसांचे खोके सरळ करायला लागला. ते सरळच होते. ग्रासियानानं मात्र नजर हटवली नाही.

बेन्यातनं रायफल खाली घेतली.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "हिनं मासे धर."

"तुला कोणी विचारलंय?"

"हात दे."

"काय?"

"हात. कोपरात वाकव."

तिनं हात वाकवला. त्यानं दस्त्याचं बूड तिच्या कोपराच्या खळगीत टेकवलं आणि बोट चापाकडे न्यायला तिला मानेनं खुणावलं. बोट चापाच्या इंचभर अलीकडेच थांबलं. ते अंतर तो बराच वेळ बघत राहिला.

"लाइल, दस्ता एक इंच काप."

लाइलनं वळून पाहिलं. "कापला की मी परत घेणार नाही, बेन्यात. आणि..." तो जरा घुटमळला. "उन्हाळ्यापर्यंत हात सुधारला, तर तुला ही तोकडी पडेल."

ग्रासियाना बेन्यातकडे बघत होती. तिला वाटलं, आपणच म्हणावं, राहू दे, मी मान ताणून घेईन. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"काप," बेन्यात म्हणाला.

ग्रासियानानं कागद भरले, सह्या केल्या, पैसे दिले. लाइल रायफल घेऊन मागच्या खोलीत गेला. त्यानं ती शिकंज्यात आवळली, दस्त्याभोवती पांढरी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर पेन्सिलीनं रेघ मारली. मग करवत चालल्याचा आवाज आला.

"थांब!" बेन्यात ओरडला.

करवत थांबली. बेन्यात पाय ओढत मागच्या दारापर्यंत गेला आणि चौकटीला टेकला.

"सव्वा इंच घे," तो म्हणाला. "पहाटे जाताना ती माझा जाड कोट घालते."