तिसरा फोटो

ऑफिसच्या दोन दिवसांच्या शिबिरात खांबेटेसाहेबांना कळलं, की माणसं चारच रंगांची असतात आणि प्रत्येक रंगाशी बोलायची रीत वेगळी असते. ते स्वतः लाल निघाले. घरी चपला काढता काढताच त्यांनी बायकोला हिरवी ठरवलं आणि शिबिराची पुस्तिका तिच्या हातात दिली.

“वाच जरा. माणसांशी कसं बोलावं ते कळेल.”

शैलाताईंनी पदराला हात पुसले आणि लाल रंगाचं पान मोठ्यानं वाचलं. “लाल माणसाला सल्ला देऊ नये. आधी दोन नकोसे पर्याय दाखवावेत. तिसरा तो आपणहून निवडतो आणि मग कुणाचं ऐकत नाही.” त्यांनी पुस्तिका मिटली. “बरोबर लिहिलंय. पण अहो, एवढ्याला दोन दिवस लागले?”

“बरोबर आहे हे तुला काय माहीत?”

शैलाताई भिंतीवरच्या लेकी-जावयाच्या फोटोवरची धूळ पुसू लागल्या.

साहेबांना चार वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. शैलाताईंनी लेकीसाठी, गार्गीसाठी, तीन स्थळांचे फोटो पुढ्यात ठेवले होते. पहिल्याला टक्कल होतं, दुसरा नोकरी सोडून नाटकात शिरला होता. तिसरा साहेबांनी स्वतः निवडला. तो जातीबाहेरचा निघाला, तेव्हा सगळ्या भावकीशी ते एकटे भांडले होते.

गार्गीनं तर फोटो न बघताच होकार दिला होता. कालपर्यंत ते पाहुण्यांना सांगत होते, याला म्हणतात संस्कार.