तेलापूर्वी आणि तेलानंतर

गुडघेदुखीवरच्या तेलाच्या जाहिरातीसाठी उपेंद्रने भोंगवलीच्या बनाबाईंना निवडले. साठीतही त्यांचे गुडघे ठणठणीत होते. सकाळी त्या टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या झपझप चढल्या. कॅमेऱ्याचे समाधान होईपर्यंत अकरा वेळा चढल्या. दिवस कलला तेव्हा त्या कठडा धरून, कण्हत, एकेक पायरी उतरत होत्या. उपेंद्रने तेही टिपून घेतले.

"दुखण्याचा अभिनय पहिल्याच खेपेला जमला, मावशी," तो थकल्या आवाजात म्हणाला.

"अभिनय कुठला, सायेब? सकाळी हे दुखणं न्हवतं. तुमच्या त्या तेलातलं वाईच द्या की."

औषधशास्त्र शिकून जाहिरातींच्या धंद्यात आलेल्या उपेंद्रने स्वतःजवळची वेदनाशामक गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

टीव्ही वाहिनीकडे गेलेल्या वीस सेकंदांच्या जाहिरातीत आधी संध्याकाळ होती, मग तेलाची बाटली, आणि शेवटी सकाळ.