शेवटच्या रेकॉर्डवरची गिटार

"पुढचं नको वाजवूस," काचेपलीकडून भाऊजी म्हणाले. "तेवढं मी लावतो."

धाकट्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं चोळत बसला. चोळून काही उपयोग नव्हता. मानेतली शीर दबलीय, बोटं पूर्ववत होतील अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. संथ भाग अजून जमायचा. पण ज्या भरधाव तुकड्यांसाठी लोक मैदानं भरून गर्दी करत, तिथे ही दोन बोटं ढ पोरांसारखी मागे रेंगाळायची.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा आणि बँडचा पहिल्या दिवसापासूनचा रेकॉर्डिस्ट. काहीही फेकायचं नाही, हा त्यांचा जुना आजार. तालमीत कुणी शिंकलं तरी ते टेपवर असायचं. त्या टेपांनी स्टुडिओतलं मागचं कपाट गच्च भरलं होतं आणि ताईनं त्यावरून त्यांना संसारभर टोमणे मारले होते. आता तेच कपाट कामी येत होतं. नव्या रेकॉर्डवरची गाणी बँड कित्येक वर्षं तालमीत घोळवत होता. तेव्हाच्या टेपांतून धाकट्याचे तुकडे कापायचे आणि आजच्या वाजवण्यात बेमालूम जोडून द्यायचे, असा उद्योग रोज दुपारी चालायचा.

"दादाला कळणार नाही ना?" धाकटा रोज विचारायचा.

"माझ्या तोंडून नाही," भाऊजी रोज म्हणायचे.

दादा म्हणजे थोरला भाऊ, बँडचा गायक. मालक म्हटलं तरी चालेल. त्याच्याकडे चुकीला माफी नव्हती. पहिला ड्रमर त्याचा बालमित्र होता. त्याचा हात मंदावला तसं दादानं त्याला सरळ घरी बसवलं. "ज्याला जमत नाही त्यानं स्टेजवर उभं राहू नये," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. ते वाक्य धाकट्याला हल्ली झोपेतही ऐकू यायचं.

त्यात दादाचं वागणं बदललेलं. सकाळी यायचा, आपलं गाणं उरकायचा आणि धाकटा पोहोचायच्या आत निघून जायचा. फोन केला तर "हं", "नंतर", एवढ्यावर बोळवण. ठरलेला दौरा त्यानं कारण न देता रद्द केला. भावाभावांत फाटलंय, अशा बातम्या वर्तमानपत्रं चवीनं छापत होती. धाकट्याला वाटायचं, नुसतं फाटलं असतं तर परवडलं असतं. दादाला संशय आलाय या धास्तीनं त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शाळा सोडून त्यानं हातात गिटार घेतली ती घेतलीच. बँडमधून काढलं तर उद्या सकाळी उठून करायचं काय, हेच त्याला माहीत नव्हतं.

रेकॉर्ड पुरी झाली. ती ऐकायला दोघा भावांनी एकत्र यायचं ठरलं. फाटकाबाहेर चाहत्यांचा घोळका उभा होता. दादा मफलर गुंडाळून आला, धाकट्याकडे बघून मान हलवली न हलवली, आणि थेट दाराजवळच्या खुर्चीत बसला. भाऊजींनी टेप सुरू केली.

दादाचा आवाज खोलीभर पसरला. किती वर्षं झाली, पण तो आवाज लागला की धाकट्याच्या अंगावर काटा यायचाच. हा माणूस म्हातारा होणारच नाही बहुतेक, त्याच्या मनात आलं. मग शेवटच्या गाण्यातला तो भरधाव तुकडा आला आणि दादानं हात वर केला.

"परत."

भाऊजींनी परत लावला.

"अजून एकदा."

धाकट्यानं डावा हात मांडीखाली दडपला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. भाऊजी तर बटणांवरून मान वर काढायला तयार नव्हते.

"हे तू वाजवलंस?" दादानं विचारलं. तो इतका हळू बोलला की धाकट्याला पुढे वाकावं लागलं. राग जितका मोठा तितका दादाचा आवाज खाली जातो, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"मीच. दुसरं कोण?"

दादानं गळ्याभोवतीचा मफलर घट्ट ओढला. "बँड इथेच थांबला," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी उभं राहणं मला आता शक्य नाही."

सगळं संपलं होतं. आणि मग धाकट्याचा संताप उसळून वर आला. त्या ड्रमरसारखं खाली मान घालून तो जाणार नव्हता.

"बरं झालं!" तो ओरडला. "मलाही वीट आला होता. तुझ्या गाण्याचा, तुझ्या आवाजाचा! कुणालाच ऐकवत नाही तो आता!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी घाईघाईनं मान हलवली, नाही, नाही म्हणून. दादा उठला, दोनदा चाचपडल्यावर दाराची कडी त्याच्या हाताला लागली, आणि तो बाहेर पडला. फाटकाशी पोरांनी त्याच्या नावाचा गजर केला. गाडीचा दरवाजा आपटला, गजर हळूहळू विरला.

धाकटा भाऊजींवर उलटला. "तुम्ही सांगितलंत त्याला!"

"ताईची शप्पथ, नाही."

"मग त्या तुकड्यात सांधा दिसला असेल त्याला."

"त्याला काही दिसलं नाही रे. ती गिटार तुझीच, आत्ताची, असंच समजून गेला तो."

"मग मला काढलं का?"

भाऊजींनी चष्मा काढला. तो पुसायचंही त्यांना सुचेना.

"तुला नाही काढलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्याला एक ओळसुद्धा गाता येत नाही. या रेकॉर्डवरचा त्याचा एकूण एक शब्द त्याच कपाटातला आहे, आणि तुला कळू देऊ नका म्हणून रोज सकाळी तो माझ्या हातापाया पडत होता."